दोन पोत्यांत एक दाणा

बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळच्या शिवारात सोयाबीनचा हिशेब कोणाला शिकवावा लागत नाही. शंभर दाण्यांचं वजन साधारण १२ ग्रॅम भरतं. म्हणजे साठ किलोच्या एका पोत्यात पाच लाख दाणे, दोन पोत्यांत दहा लाख. या दोन पोत्यांतला एकच दाणा रंगवून पुन्हा आत टाकला आणि पोती हलवली, तर तो शोधायला घरातली सगळी माणसं बसली तरी दिवस मावळेल.

मांजराच्या वावड्याचं शास्त्र नेमकं याच प्रमाणापासून सुरू होतं. घरातल्या एक ग्रॅम धुळीत मांजराचं एक विशिष्ट प्रथिन एक मायक्रोग्रॅम असेल, म्हणजे दहा लाखांत एक भाग, तर ज्याच्या शरीराचा कल ॲलर्जीकडे आहे त्याचं शरीर त्या प्रथिनाला शत्रू म्हणून ओळखायला लागू शकतं. संशोधक बरीच वर्षं हाच उंबरठा धरत आले आहेत. प्रमाण आठ मायक्रोग्रॅमवर गेलं, म्हणजे दोन पोत्यांत आठ दाणे झाले, की आधीच दमा असलेल्याची छाती घरघरायला लागते. माणसागणिक हे आकडे बदलतात आणि काहींना याहून कितीतरी कमी पुरतं. मेहकर तालुक्यातल्या एखाद्या घरात धान्य राखायला पाळलेली भाटी आणि रात्री उठून बसणारं पोर यांच्यामधलं नातं एवढ्या बारीक मापाचं आहे. ते डोळ्यांनी जोखायला गेलं की चुकतंच.

आपल्याकडे सगळा राग केसांवर. मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, हे घराघरांत ऐकायला मिळतं. त्यामुळे दिसेल तो केस वेचला की काम झालं, असं वाटतं. पण केस फक्त वाहून नेतो. खरा कारभार ‘फेल डी १’ नावाच्या प्रथिनाचा आहे. ते १९७४ मध्ये वेगळं करून ओळखलं गेलं. मांजराच्या कातडीतल्या तेलग्रंथी, लाळग्रंथी आणि गुदद्वाराजवळच्या ग्रंथी ते तयार करतात. मांजराचं वावडं असलेल्या दर दहा माणसांपैकी नऊहून अधिक जणांना याच एका प्रथिनाचा त्रास होतो. बोक्याच्या अंगावर ते जास्त असतं आणि खच्चीकरण केल्यावर कमी होतं. मांजराला स्वतःला त्याचा उपयोग काय, हे अजून नक्की कळलेलं नाही.

हे अंगभर पसरवायचं काम मांजर स्वतःच करतं. दिवसातले सुमारे चौदा तास ते झोपतं आणि जागेपणाचा जवळजवळ चौथा हिस्सा अंग चाटण्यात घालवतं. म्हणजे रोज जवळजवळ अडीच तास, वर्षाला आठशेहून जास्त तास. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये मांजराच्या जिभेवरचे काटे मोजले. ते सुमारे २९० निघाले. प्रत्येक काट्याच्या टोकाला पन्हळीसारखी खाच असते, तिच्यातून लाळ थेट कातडीपर्यंत पोचते. त्यांच्या हिशेबाने दिवसाकाठी जवळजवळ ५० मिलिलिटर लाळ अशी अंगावर चढते. ती वाळते, तिचा पापुद्रा होतो, पापुद्र्याचा भुगा होतो, आणि तो भुगा कोंड्याबरोबर उडायला लागतो.

उडण्याचंही गणित आहे. धुळीचा २० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे १२ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे माणसाच्या नाकाच्या उंचीवरून दोन-एक मिनिटांत जमिनीवर. अडीच मायक्रॉनचा कण मात्र सेकंदाला मिलिमीटरचा पाचवा हिस्साही उतरत नाही. त्याच उंचीवरून खाली यायला त्याला दोन तासांहून जास्त वेळ लागतो, तोही पंखा बंद, दार बंद आणि घरात कोणाची हालचाल नसेल तर. गोधडीत राहणाऱ्या सूक्ष्म कोळकिड्यांचं ॲलर्जीचं प्रथिन मोठ्या कणांवर बसतं, म्हणून गोधडी झटकल्यावर थोड्या वेळाने खाली जातं. मांजराच्या प्रथिनाचा बराच मोठा भाग पाच मायक्रॉनहून लहान कणांवर असतो. मांजर निघून गेलं तरी ते त्या खोलीच्या हवेत तरंगत असतं. पाहुणा दार उघडून आत येतो, मांजर दिसत नाही, तरी पाच मिनिटांत डोळे चोळायला लागतो. त्याला सोंग म्हणू नये.

आता श्वासाकडे या. मिनिटाला पंधरा म्हटले तर दिवसाचे २१,६०० श्वास होतात. अजपाजपाच्या परंपरेत हाच आकडा सांगितलेला आहे. श्वासाला अर्धा लिटर धरला तर दिवसात १०,८०० लिटर हवा छातीत जाऊन येते. मांजर असलेल्या घरांच्या हवेत या प्रथिनाचं प्रमाण घनमीटरला काही नॅनोग्रॅम असतं. सोयीसाठी दहा धरू. त्याच घरात दिवसभर बसून राहणाऱ्याच्या आत दिवसाला सुमारे १०८ नॅनोग्रॅम जाईल. एका सोयाबीनच्या दाण्याचं वजन १,२०,००० मायक्रोग्रॅम. या वेगाने एका दाण्याएवढं प्रथिन नाकातून आत जायला तीन हजार वर्षांहून अधिक काळ लागेल.

हाच हिशेब वजनाऐवजी संख्येने केला की चित्र पालटतं. एका मायक्रोग्रॅममध्ये या प्रथिनाचे सुमारे १६ लाख कोटी रेणू मावतात. म्हणजे वरच्या घरातल्या हवेतून एका श्वासात, फक्त एका श्वासात, जवळजवळ आठ कोटी रेणू आत जातात. तीन हजार वर्षांत एक दाणा आणि एका श्वासात आठ कोटी रेणू, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. ‘एवढ्याशा मांजरानं काय होतं’ म्हणणारी आजी वजन बघते आणि शिंकणाऱ्या नातवाचं शरीर रेणू मोजतं.

आणि शरीर मोजतं ते फार जपून ठेवलेल्या हत्याराने. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केने ‘ॲलर्जी’ हा शब्द दिला, पण रक्तातलं नेमकं काय बिघडतं ते साठ वर्षं हाती लागलं नाही. मधल्या काळात, १९२१ मध्ये, प्राउस्नित्स आणि क्यूस्टनर या दोन डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. क्यूस्टनरला मासे सोसत नसत. त्याच्या रक्तातला द्रव प्राउस्नित्सने स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढ्याच जागी गांधी उठली. रक्तात ‘काहीतरी’ आहे आणि ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येतं, हे सिद्ध झालं. ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये १९६६-६७ च्या सुमारास ते शोधलं. उशीर का झाला, याचं उत्तर त्याच्या प्रमाणात आहे. निरोगी माणसाच्या रक्तात आयजीजी हे नेहमीचं प्रतिद्रव्य मिलिलिटरला सुमारे दहा मिलिग्रॅम असतं. आयजीई त्याच्या हजारो पटींनी कमी, नॅनोग्रॅमांत मोजावं लागतं.

पण आयजीई रक्तात फिरत बसत नाही. नाक, डोळे, श्वासनळ्या आणि कातडीतल्या मास्ट पेशींवर जाऊन चिकटतं. अशा एका पेशीवर त्याला धरून ठेवणाऱ्या जागा लाखाच्या घरात असतात. मांजराच्या प्रथिनाचा रेणू शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम जोडतो, आणि काही मिनिटांत पेशी आपली शेकडो पुडकी फोडते. एका मास्ट पेशीत काही पिकोग्रॅम हिस्टामीन असतं. दोन पिकोग्रॅम धरलं तरी रेणू हजार कोटींच्या वर जातात. नाक गळतं, डोळे सुजतात, श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळतात. छातीच्या आत हवेच्या सुमारे ४८ कोटी पिशव्या वाट बघत असतात, पण तिथवर जाणारी वाटच अरुंद होते.

इथपर्यंत वाचून कोणी मांजराला पोत्यात घालून पैनगंगेपार सोडून यायला निघालं असेल, तर त्याने थांबावं. मला या लेखात सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते हेच. मांजर घराबाहेर काढल्यावर गाद्या, उशा, गोधड्या आणि भिंतीतलं प्रथिन मांजर नसलेल्या घरांइतकं खाली यायला २० ते २४ आठवडे लागतात, असं १९८९ मध्ये अमेरिकेत घरं मोजून दाखवलं गेलं. काही घरांत त्याहूनही जास्त. अक्षय तृतीयेला मांजर सोडलं तर घर साफ व्हायला दसरा-कोजागिरी उजाडते. पण माणसं एवढी वाट बघत नाहीत. पंधरा दिवसांनी पोर अजून खोकतंय असं दिसलं की म्हणतात, मांजराचं नव्हतंच काही, डॉक्टरांचं चुकलं. मग औषध बंद होतं. मांजर गेलं, पिल्लं उपाशी मेली, औषधही गेलं आणि दमा राहिला.

शिवाय जे मांजर दारातून जातं ते कपड्यांवरून परत येतं. स्टॉकहोममधल्या शाळांत ४१० मुलांची पाहणी झाली, ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्या मुलांना दमा आणि मांजराची ॲलर्जी, घरी मांजर मात्र कोणाकडेच नाही. सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा ज्या वर्गांत १८ टक्क्यांहून जास्त मुलांच्या घरी मांजर होतं, तिथल्या मुलांचा दमा बिघडण्याचा धोका नऊपट निघाला. मांजर शाळेत आलंच नव्हतं, स्वेटर आले होते. अमेरिकेत ८३१ घरांची धूळ तपासली, त्यांपैकी निम्म्याहून कमी घरांत कुत्रं किंवा मांजर होतं. कुत्र्याचं प्रथिन सगळ्या घरांत सापडलं आणि मांजराचं ९९.९ टक्के घरांत.

कुत्र्याबद्दल थोडक्यात. त्याचं मुख्य प्रथिन वेगळं, हवेत तरंगण्याची सवय तीच. ‘या जातीच्या कुत्र्याने ॲलर्जी होत नाही’ असं सांगून शहरात पिल्लं महाग विकली जातात. नेदरलँड्समध्ये २०१२ मध्ये अशा जातींच्या केसांची तपासणी झाली तेव्हा त्यांत प्रथिन इतर जातींहून कमी निघालं नाही. काहींना फक्त नर कुत्र्याचा त्रास होतो, कारण त्यांचं वावडं ज्या प्रथिनाचं असतं ते नराच्या प्रोस्टेट ग्रंथीतून येतं. अशा माणसाला कुत्री चालून जाते. हे तपासून घेता येतं.

जानेफळचं घर आणि पुण्या-मुंबईतला बंद फ्लॅट यांत मोठा फरक आहे, आणि तो गावाच्या बाजूचा आहे. गावातलं मांजर ओसरीत, कोठीत, गोठ्यात, धाब्यावर हिंडतं. उघड्या घरातून वारा वाहतो, गालिचे नसतात, फरशी रोज पुसली जाते. तेच प्रथिन कितीतरी जास्त हवेत वाटलं जातं. गोठ्याचाही वाटा असावा. अमेरिकेतल्या अमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. मूळ वंश सारखा, खाणं बरंचसं सारखं. अमिश लोक घरालगत गोठा ठेवून हाताने शेती करतात, हटराइटांची यंत्रांची मोठी शेती घरापासून दूर. शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण अमिशांत ५.२ टक्के, हटराइटांत २१.३ टक्के. अमिशांच्या घरातल्या धुळीत जंतूंचे अवशेष ६.८ पट जास्त होते. त्याआधी १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचनने १७,४१४ ब्रिटिश मुलांच्या नोंदींवरून दाखवलं होतं की थोरल्या भावंडांची गर्दी असलेल्या घरात शिंकांचं दुखणं कमी असतं.

यावरून गावात ॲलर्जी होतच नाही, असं मात्र कोणी समजू नये. आणि दमा असलेल्या पोराला बरं व्हावं म्हणून गोठ्यात झोपवू तर मुळीच नये. हे संरक्षण लहानपणी शरीर घडताना मिळतं. एकदा आयजीई तयार झालं की गोठ्यातली गाईची कातडीही त्रास देऊ शकते. फिनलंडच्या दूधवाल्या शेतकऱ्यांत गाईच्या प्रथिनाचा दमा चांगलाच माहीत आहे.

गावात मांजरावर येणारा आळही तपासून घ्यावा लागतो. आपल्या देशात ॲलर्जीच्या चाचण्यांत कोळकिडे, झुरळं आणि परागकण बहुधा पाळीव प्राण्यांच्या पुढे असतात. शिवाय धूर आहे. डासांची एक कॉइल जळताना जेवढे बारीक कण सोडते, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. ती कॉइल खाटेखाली, मांजर खाटेवर, आणि दोष मांजराला. मग ऑक्टोबरात सोंगणी होते, थ्रेशर लागतं, कुटाराची धूळ गावभर उडते. सोयाबीनच्या टरफलातही ॲलर्जीचं जबरदस्त प्रथिन असतं. बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या २६ साथी आल्या. एकेका दिवशी माणसं अचानक गुदमरून दवाखान्यात यायची. शेवटी छडा लागला तो बंदरातल्या एका कोठाराचा. तिथे जहाजातून सोयाबीन उतरवताना धूळ उडायची, कारण कोठाराच्या वर गाळणी नव्हती. गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या. म्हणून जानेफळमध्ये कोणाला धाप लागली की पहिला प्रश्न महिन्याचा असावा. बारमाही आहे की सोंगणीत वाढते? घरात होते की खळ्यावर? परगावी आठ दिवस राहून आलं तर कशी असते? या तीन उत्तरांनी डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हे प्रथिन फक्त घरच्या मांजराचं नाही. सिंह, सैबेरियन वाघ, जॅग्वार, हिमबिबट्या अशा मार्जार कुळातल्या आठ वन्य जातींत फेल डी १ सारखं प्रथिन १९९० च्या सुमारास सापडलं. या कुळाचा सामाईक पूर्वज सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे हा वारसा फार जुना. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून टीवन-सीवन नावाचा गळपट्टा लावलेला तरुण वाघ निघाला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो त्या वर्षअखेरीस आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. तोही वाटभर अंग चाटत आला असणार. भाटीशी त्याची भावकी आहे.

उपायांचेही आकडे आहेत. मांजराला आंघोळ घातली तर हवेतलं प्रथिन बऱ्यापैकी घटतं, पण आठवड्याच्या आत पुन्हा चढतं. दर आठवड्याला मांजर न्हाऊ घालणं कोणत्या घराला जमेल? कोंबडीच्या अंड्यातली प्रतिद्रव्यं मिसळलेलं खाद्य १०५ मांजरांना दहा आठवडे दिलं, तेव्हा तिसऱ्या आठवड्यापासून अंगावरचं सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्क्यांनी उतरलं. २०२२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी ५० मांजरांची जनुकं वाचून सांगितलं की या प्रथिनाची दोन जनुकं कापून टाकणं शक्य दिसतं. ते पेशींपुरतं झालं, तसं मांजर अजून दारात आलेलं नाही. तोवर सर्वांत स्वस्त उपाय झोपण्याच्या खोलीचा आहे. माणूस दिवसातले सात-आठ तास, म्हणजे सुमारे सात हजार श्वास, एकाच उशीवर घेतो. त्या खोलीत मांजर अजिबात येऊ नये. गोधडी-वाकळ धुऊन कडक उन्हात वाळवावी, उशी बदलावी, मांजराची चवाळी ओसरीत टाकावी. गोंजारल्यावर हात आणि तोंड धुवावं. लाडावलेल्या मांजराला हे कठीण जातं, पण ते रुळतं.

खात्री करायची तर कातडीवरची चाचणी असते. टोचणीने अर्काचा थेंब कातडीत सोडतात, पंधरा मिनिटं थांबतात, आणि तीन मिलिमीटरची गांधी उठली तर ते शरीर त्या प्रथिनाला ओळखतं असं धरतात. तीन मिलिमीटरच्या त्या फोडावरून भाटीचा निवाडा होऊ शकतो. निर्दोषही ठरते ती पुष्कळदा.

आणि दमा असेल तर औषध. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशातल्या ८८० गावा-शहरांतल्या डॉक्टरांकडे आलेल्या २,०४,९१२ रुग्णांची नोंद घेतली. निम्म्याहून जास्त जण श्वासाच्या तक्रारी घेऊन आले होते. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात दम्याचे ३ कोटी ४३ लाख रुग्ण आहेत. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. म्हणजे असे तेरा जिल्हे नुसत्या दमेकऱ्यांनी भरतील. जगातल्या रुग्णांपैकी १३ टक्के आपल्याकडे आणि दम्याने मरणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त आपल्याकडे. या दोन आकड्यांमधल्या दरीत पंपाची, म्हणजे इन्हेलरची, भीतीही भरलेली आहे. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा टप्पा’, असं ऐकून माणसं गोळीवर राहतात. साल्ब्युटामॉलची गोळी चार मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. ती पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जाते, हात थरथरतात, छाती धडधडते. त्याच औषधाच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम असतं, चाळीसपट कमी, आणि ते थेट श्वासनळीत उतरतं. लहान मुलाला दाब आणि श्वास यांचा मेळ जमत नाही, म्हणून पंपाला नळकांडं, म्हणजे स्पेसर, लावून द्यावं. धाप लागल्यावर घ्यायचा पंप वेगळा आणि श्वासनळीची सूज रोज उतरवणारा पंप वेगळा, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावं आणि बरं वाटलं म्हणून दुसरा बंद करू नये. तो पहिला पंप पोराच्या दप्तरात ठेवून त्याला शाळेत पाठवावं आणि मास्तरांना, बाईंना तो कसा लावायचा ते दाखवून ठेवावं.